झीज

जून लागला की ल्युइस्टनच्या शाळेतले सगळे लॅपटॉप
तळघरात माझ्याकडे येतात,
माहेरपणाला आल्यासारखे, थकून.
कोणाच्या झाकणावर डोनटची साखर,
कोणाच्या फटीत पेन्सिलीचं मोडकं टोक,
एकावर तर च्युइंगमने चिकटवलेला दुधाचा दात.
मी पुसते, मोजते, रकाने भरते,
मग एक बटण दाबते: पाटी कोरी.

एकशे सतरा मात्र मार्चमध्येच आला होता.
होदान नावाची मुलगी, सातवीतली,
आईवडिलांबरोबर मिनिआपोलिसला गेली.
कीबोर्डवर एचच्या जागी खड्डा.
मी लिहिलं: एच नाही. दंड पंधरा डॉलर.
बिलाचं पाकीट आठवड्यात परत आलं,
वर पिवळी पट्टी, पत्ता बदलला आहे.

एक अक्षर गेलं तर काय एवढं, असं कोणी म्हणेल.
मला विचारा.
मी कराडला बहिणीला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते.
एच काढा, घराचा गर होतो,
धीर द्यायला जावं तर दीर द्यावा लागतो,
आणि आठवण
नुसती आटवण,
चुलीवर विसरलेल्या दुधासारखी.

आज एकशे अठरा आला. कॉरिन थिबोडोचा.
सी नाही.
आणि पोरगी लॉग आउट करायलाही विसरली.

पडद्यावर एकच फाइल उघडी:
ज्वालामुखी, गटकार्य, दोघींत मिळून.
लाव्हाबद्दल दोन ओळी आहेत, खऱ्याखुऱ्या.
त्याखाली
"पेल्टियर सर बघतायत."
"बघू देत. त्यांना आपण टिकलीएवढ्या दिसतो."
"जेवताना माझ्याजवळ बस."
"तुझ्या डब्यात डुक्कर नाही ना?"
"चीज आहे. शप्पथ."

सरांच्या टेबलावर सव्वीस खिडक्या असतात,
काड्यापेटीएवढ्या, प्रत्येकीत एक मूल.
जो खऱ्या खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसतो
त्याची खिडकी करडी पडते.
या दोघींची वर्षभर हिरवी.
सरांनी शेरा दिलाय: विषयात रमतात.

मग मार्च.
"माझं नाव पण धड उमटत नाही आता. मी ओदान."
"तुझं एच माझ्या कंपासपेटीत आहे."
"तुझं सी माझ्या बुटात. चालताना टोचतं."

त्यानंतर एकटी कॉरिन.
तिकडची नदी पण गोठते का.
नव्या शाळेतून तुला हे उघडतं का.
ज्वालामुखीला बी मिळाली, तुझ्या चित्रामुळे.
मे महिन्यात नुसता एक पूर्णविराम.

मी पुसायचं बटण शोधत होते
आणि पानाच्या माथ्यावर एक जांभळा ठिपका उगवला.
ज्याची ओळख पटत नाही
त्याला हे यंत्र कुठल्या तरी प्राण्याचं नाव देतं.
अनामिक ऊद, असं लिहिलेलं होतं.

उदाला लिहायची परवानगी नव्हती.
तो काय वाचतोय, कुठवर आलाय,
ते मलाही दिसत नव्हतं.
नुसता होता.
इथे पावणेबारा, म्हणजे तिकडे पावणेअकरा,
तिची मधली सुट्टी असेल.
किंवा दुसरंच कोणी असेल, चुकून आलेलं.

मी मार्चचा कागद काढला,
दंड खोडला, वर झीज लिहिलं.
एकशे अठरापुढेही झीज.
वापराने होते तेवढीच.

जुन्या मेलेल्या यंत्रांच्या सुट्या अक्षरांचा माझा एक डबा आहे.
तो आज उघडला नाही.

बॅटरी नऊ टक्के होती.
मी आधी चार्जर शोधला.